शिक्का नसलेलं उत्तर

माझी नणंद भित्री होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक तिला वाघीण वगैरे म्हणायला लागतात आणि ते तिला मुळीच आवडत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची. दाराची घंटा वाजली की आधी माझ्याकडे बघायची, मग दाराकडे. गल्लीतलं कुत्रं नुसतं आळस द्यायला उठलं, तरी ही रस्ता ओलांडून पलीकडे. आमचे हे, म्हणजे तिचा मोठा भाऊ, तिला लहानपणापासून ‘ससा’ म्हणायचे. पुढे गल्लीत तिचं दुसरं नाव पडलं, ‘दौतवाली’. उजव्या हाताची दोन बोटं कायम शाईने निळी असायची म्हणून.

लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा तापाने गेला आणि ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली. त्याच सुमारास अब्बांची नजर जायला लागली होती. अब्बा म्हणजे माझे सासरे. ते शहराचे मुफ्ती होते.

मुफ्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी उभं राहतं. फतवा म्हणजे काही फर्मान नव्हे. कुणीतरी प्रश्न विचारतं, जाणता माणूस ग्रंथ बघून उत्तर देतो, त्या उत्तराचं नाव फतवा. आमच्याकडे येणारे प्रश्न असे असायचे: बापाच्या घरात दोन बहिणींचा वाटा किती? नवरा रागाच्या भरात अमुक बोलला, तलाक झाला का? नमाज पढताना नाकातून रक्त आलं तर ती पुन्हा पढायची का? एकाने तर विचारलं होतं, शेजाऱ्याची कोंबडी रोज आमच्या अंगणात अंडं घालते, ते अंडं कुणाचं? अब्बांनी सांगितलं होतं, “अंडं कोंबडीच्या मालकाचं. पण त्याला जाऊन विचारा तर खरं, बहुधा तो तुम्हालाच देईल.”

पुढच्या खोलीत तीन कपाटं भरून ग्रंथ होते. बैठं मेज, एक पितळी शिक्का, आणि नोंदवह्यांची चवड. प्रश्न टपालाने यायचा, नाहीतर कुणी हातात आणून द्यायचं. नणंद तो मोठ्याने वाचायची, अब्बा सांगतील तो ग्रंथ काढून त्यातला उतारा वाचायची, अब्बा उत्तर सांगायचे, ती लिहायची, नक्कल वहीत उतरवायची. मग अब्बा बोटांनी कागदाचा कोपरा चाचपून स्वतः शिक्का मारायचे. बावीस वर्षं हे असं चाललं होतं. अरबी तिला लग्नाआधीच शिकवलेली होती. बावीस वर्षांत ती ग्रंथ असे वाचायला लागली, जशी मी वाण्याची यादी वाचते. पण तिने कधी आपलं मत दिलं नाही. “मी हात आहे,” ती म्हणायची. “डोकं अब्बांचं.”

मग अब्बांना झटका आला. हातपाय वाचले, पण डोकं गेलं. गेलं म्हणजे पूर्ण नाही, ये-जा करायला लागलं. कधी सकाळी दोन तास लख्ख असायचे, चुकलेलं पान सांगायचे, नाहीतर दिवसभर मला स्वतःची आई समजून हाक मारायचे. शहराला हे ठाऊक नव्हतं. मुफ्तीसाहेबांची तब्येत नरम आहे, भेटत नाहीत, एवढंच आम्ही सांगायचो. नणंद सोपे प्रश्न तेवढे घ्यायची, उत्तर लिहून ठेवायची आणि अब्बांची चांगली सकाळ यायची वाट बघायची. ती आली की वाचून दाखवायची. त्यांनी मान हलवली तरच शिक्का. अकरा महिने आम्ही दोघींनी हे झाकून ठेवलं. आमच्या ह्यांना कळत होतं, पण त्यांनी त्याकडे कानाडोळा केला होता.

ते वर्षच वाईट होतं. नगरपालिका बरखास्त झाली होती आणि वरून एक प्रशासक नेमला होता. त्याने रस्ते रुंद केले, दिवे लावले, कचरा वेळेवर उचलायला लावला. हे खोटं कशाला बोलू? आणि त्याच हिवाळ्यात पाण्याच्या टाकीपाशी जमलेल्या लोकांमधून एकोणीस माणसं उचलून नेली. सतरा परत आली. दोन आली नाहीत. त्यातला एक आमचा बाइंडर, अब्बांचे फाटके ग्रंथ शिवून देणारा. पाण्याची तक्रार करायला गेला होता बिचारा. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतच नोकरीला, त्यामुळे घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला पांढरी गाडी दारात थांबली. दोन माणसं उतरली. एक टक्कल पडलेला, अतिशय गोड बोलणारा. दुसरा तरुण, फाइल धरलेला. टकलूने चपला बाहेर काढल्या, सलाम केला, अब्बांच्या तब्येतीची चौकशी केली आणि एक टाइप केलेला कागद मेजावर ठेवला.

“साहेबांचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “मुफ्तीसाहेबांचं उत्तर पुढच्या गुरुवारी दुपारी आम्ही न्यायला येऊ. घाई नाही. नीट विचार करून लिहू देत.”

गाडी गेल्यावर नणंदेने कागद वाचला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

इस्लामच्या पहिल्या शतकात एक सुभेदार होऊन गेला. त्याचं नाव मी लिहीत नाही. ते घेतलं की आजही दोन माणसं वाद घालायला उठतात. कालवे काढणारा, शिस्तीचा, बोलण्यात पट्टीचा, आणि माणसं मारण्यात कुणाला हात धरू न देणारा. प्रशासकाचा तो फार लाडका होता म्हणे. नव्या चौकाला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. कागदावर तीन प्रश्न होते. सदर राज्यकर्ता आदिल, म्हणजे न्यायी व सच्छील होता काय? त्याच्याविरुद्ध उठलेले लोक बंडखोर ठरतात काय? त्याच्या कठोरपणास धर्माचा आधार आहे काय? आणि खाली समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात: ‘उत्तर होकारार्थी अपेक्षित.’

“हे मेलेल्या माणसाबद्दल विचारत नाहीयेत गं,” नणंद म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. “हे त्या दोघांबद्दल विचारतायत.”

उत्तर शुक्रवारी सगळ्या मशिदींत वाचून दाखवणार, हे दुसऱ्या दिवशी कळलं. दहा जाणत्या माणसांकडे तोच कागद गेला होता.

आमच्या ह्यांना घाम फुटला. जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि बहिणीला म्हणाले, “लिहून टाक. तेराशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला चांगलं म्हटलं तर कुणाचं काय जातं?”

“आणि शिक्का? अब्बांचा शिक्का त्यावर?”

“अब्बांना काय कळतंय आता!”

हे तोंडातून गेलं आणि त्यांचं त्यांनाच लागलं. हात धुवायला उठून गेले ते बराच वेळ मोरीतच उभे राहिले. नळ मात्र वाहत नव्हता.

त्या दिवसापासून गाडी रोज यायची. उजेडात, सगळ्यांच्या देखत. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानासमोर थांबायची, तासभर, मग जायची. कुणी उतरायचं नाही. शिंपी माझा मानलेला भाऊ. तिसऱ्या दिवसापासून त्याने मान वर करून बघणं सोडलं. मी ब्लाउज आणायला गेले तर त्याने न बोलता पिशवी पुढे केली आणि मशीन सुरू केलं. त्यात कापड नव्हतं. नुसतीच सुई खालीवर होत होती.

टेलिफोन दुरुस्त करायला एक माणूस आला. आमचा टेलिफोन बिघडलेलाच नव्हता. त्याने तो उघडला, मिटला, पुढच्या खोलीतली कपाटं डोळे भरून बघितली आणि विचारलं, “मुफ्तीसाहेब झोपतात कुठे?”

मी म्हटलं, “का? त्यांच्याशी काय काम?”

“काही नाही, आपलं सहज.”

आणि भीती एका बाजूची नव्हती. शनिवारी दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. त्यात लिहिलं होतं की जालिमाला न्यायी म्हणणाऱ्याचं घर राहणार नाही. सही नाही. म्हणजे ‘हो’ लिहिलं तर हे जाळणार, ‘नाही’ लिहिलं तर ते उचलणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आमचं दोन खोल्यांचं घर.

नणंदेचे हात बर्फासारखे थंड. मी गरम पाण्याच्या पातेल्यात तिचे हात धरून बसायचे, तेवढ्यापुरती बोटं हलायची. पण एक गोष्ट मला त्या वेळी समजली नाही, ती ही की इतकी घाबरलेली बाई सकाळ झाली की पुढच्या खोलीत जाऊन कपाट उघडायची. पळून जायचं सोडून ही वाचत होती.

“कशाला वाचतेस?” मी शेवटी विचारलं. “उत्तर काय यायला पाहिजे ते पेन्सिलीने लिहून दिलंय की.”

“जुन्या लोकांनी त्याच्याबद्दल काय म्हटलंय ते बघते.”

“मग काय म्हटलंय?”

तिने चष्मा काढला. “एकेकाचं एकेक आहे. एकाने त्याचे कालवे लिहिलेत, रस्ते लिहिलेत, आणि त्याच पानावर मारलेल्या माणसांचा आकडा लिहिलाय. एकजण म्हणतो, त्याला शाप दिला तरी चालेल. दुसरा म्हणतो, जीभ आवरा, मरताना त्याने तोबा केली असेल तर तुम्हाला काय माहीत? तिसरा त्याच्यामागे नमाज पढायचा, कारण नमाजींची जमात फुटू नये, आणि घरी जाऊन तीच नमाज पुन्हा पढायचा.”

“म्हणजे दोन्हीकडून.”

“दोन्हीकडून नाही. तो भ्यायला होता.” तिने पान माझ्याकडे फिरवलं, जणू मला अरबी येत होती. “हे बघ, हा लेखक. पाच पानं धडधडीत लिहीत जातो आणि निवाडा करायची वेळ आली की म्हणतो, ‘काही लोक असं म्हणतात.’ कोण लोक? हाच तो! हा दुसरा तर दोन वर्षं कुणाच्या तरी तळघरात लपून होता. सगळे घाबरलेले होते गं. मी इतकी वर्षं अब्बांना हे वाचून दाखवते आणि मला वाटायचं, हे लोक म्हणजे डोंगर.”

ती रडत नव्हती, हसतही नव्हती. तिला कुणीतरी नात्यातलं भेटल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मग म्हणाली, “पण एक आहे. यांतल्या एकानेही त्याला आदिल म्हटलेलं नाही. कुणी शिवी दिली, कुणी गप्प बसलं, कुणी अल्लावर सोपवलं. न्यायी कुणी म्हटलं नाही. मी तिन्ही कपाटं बघितली.”

सोमवारी पलीकडच्या मशिदीचे इमाम आले. वयाने अब्बांच्या बरोबरीचे, अंगाने भरदार, एरवी बोलायला लागले की दोन गल्ल्यांना ऐकू जायचं. त्या दिवशी दार लावून घ्या म्हणाले आणि कुजबुजले.

“मी लिहून दिलं.”

नणंद ओढणी सारखी करत म्हणाली, “काय लिहिलंत?”

“त्यांनी सांगितलं ते. शिक्का वाकडा बसला. मला तीन मुलगे आहेत, बेटी. तिघेही टाकीपाशी गेले होते. यादीत त्यांची नावं आहेत, आणि ती यादी मला वाचून दाखवली.” त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. “तुझ्या अब्बांना सांग, एक वाट आहे. गप्प बसण्याची. नुसतं लिहा की तो मेला, त्याचा हिशेब त्याच्या मालकाकडे. एवढंच. जुन्यांनीही असं लिहिलंय.”

“लिहिलंय,” नणंद म्हणाली. “पण त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं की त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले बंडखोर होते का. मला ते विचारलंय.”

इमामांनी तिच्याकडे पाहिलं. ती ‘अब्बांना विचारलंय’ म्हणाली नव्हती. ‘मला’ म्हणाली होती. माझ्या काळजात धस्स झालं. उठताना त्यांनी दाराची चौकट धरली आणि म्हणाले, “मी आलो होतो हे कुणाला सांगू नका.”

मंगळवारी मी तिला नोंदवही उघडून बसलेली पाहिलं. बोट एका जुन्या नोंदीवर होतं. मी खांद्यावरून वाचलं. बाइंडरच्या बायकोचा प्रश्न होता, फेब्रुवारीतला. ‘नवऱ्याला नेलं. मेला म्हणत नाहीत, जिवंत आहे म्हणत नाहीत. मय्यत दिली नाही. मी विधवा आहे का? इद्दत कधीपासून मोजू?’ इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर विधवेने पाळायची मुदत. उत्तराची जागा कोरी होती.

“हिला मी अजून उत्तर दिलेलं नाही,” नणंद म्हणाली. “अब्बांची चांगली सकाळ आली तेव्हाही मी हे वाचून दाखवलं नाही. भीती वाटली मला. चार महिने ती बाई न मोजता बसली आहे.”

गुरुवार उजाडला. त्या दिवशी अब्बांची सकाळ चांगली होती.

उठल्याउठल्या त्यांनी मला सूनबाई म्हणून हाक मारली, वार विचारला, दाढीला तेल लावून घेतलं. मी मनात म्हटलं, सुटलो. नणंदेचा चेहरा तर असा झाला, जसा बुडणाऱ्याचा पाय जमिनीला लागल्यावर होतो. तिने त्यांच्यासमोर बसून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. समासातली पेन्सिलही वाचली. मग कोणत्या ग्रंथात काय आहे ते सांगितलं. अब्बा ऐकत होते. दोनदा त्यांनी मधे थांबवून पान नंबर बरोबर सांगितला. कोण विचारतंय, तेही तिने सांगितलं.

मग अब्बांनी हात पुढे केला, तिचं मनगट चाचपून धरलं आणि म्हणाले, “लिहून दे त्यांना काय हवं ते.”

“अब्बा?”

“लिहून दे. मला नेतील. मला दिसत नाही, मला अंधाऱ्या खोलीत ठेवतील आणि मला कळणारसुद्धा नाही की ती अंधारी आहे.” त्यांचा खालचा ओठ लहान मुलासारखा वाकडा झाला. “मला इथंच मरायचंय. लिही. मी शिक्का देतो. कुठाय शिक्का?”

आणि शहराचे मुफ्ती रडायला लागले. मी तोंड फिरवलं. असं काही आपण बघायला नको होतं, एवढंच मला कळत होतं.

नणंद कितीतरी वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “नाही नेणार, अब्बा. तुम्हाला कुणी नेणार नाही,” ती म्हणत होती. मग उठली, शिक्का मेजावरून उचलला आणि माझ्या हातात दिला. “वहिनी, हा तांदळाच्या डब्यात टाक.”

“काय करणार आहेस?”

“मला विचारू नकोस. विचारलंस तर मी करणार नाही.”

तिने कागद घेतला. पहिल्या ओळीचा ‘म’ इतका हलला की तो कागद टाकून द्यावा लागला. दुसराही गेला. तिसऱ्यावर तिने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि लिहिलं. त्याची एक सुटी नक्कल मी जपून ठेवलीय, ती इतक्यांदा वाचलीय की पाठ झालीय.

‘मुफ्तीसाहेब अकरा महिन्यांपासून आजारी आहेत व मत देण्याच्या स्थितीत नाहीत. त्यांच्या नावाने काही मागू नये. पुढील उत्तर माझं आहे. सदर राज्यकर्त्याची चांगली कामं विद्वानांनी लिहून ठेवली आहेत व त्याने केलेल्या हत्याही. त्याचं नाव घेऊन मी शाप देत नाही, कारण त्याचा शेवट मला ठाऊक नाही. पण त्याला न्यायी म्हटल्याचं मी पाहिलेल्या एकाही ग्रंथात आढळलं नाही, म्हणून मला तसं म्हणता येत नाही. त्याच्याविरुद्ध उठलेल्यांत चांगले होते आणि वाईटही. जे फक्त गाऱ्हाणं घेऊन गेले, ते बंडखोर नव्हेत. निरपराधाला मारण्यास धर्माचा आधार नाही. तेव्हा नव्हता, आता नाही. खरं अल्ला जाणतो.’

खाली तिने आपलं नाव लिहिलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. बावीस वर्षांत त्या मेजावर तिचं नाव पहिल्यांदा कागदावर उतरलं.

दुपारी गाडी आली. तिने कागद दिला आणि पटकन हात ओढणीखाली घेतले. टकलूने वाचला. वाचताना त्याचं गोड हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला.

“शिक्का कुठाय?”

“शिक्का अब्बांचा. मत माझं.”

तरुण हसला. “बाईंचं मत कुणी मागितलं होतं?”

“मग फाडून टाका,” नणंद म्हणाली. आवाज चिरका निघाला, उंदराचा निघावा तसा. पण निघाला.

त्याने फाडला नाही. घडी करून फाइलीत ठेवला, आणि तेच जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी मशिदींतून नऊ शिक्क्यांचं पत्रक वाचलं गेलं. दहावा नव्हता. आमचे हे सांगत होते, वाचणारा थांबल्यावर लोक आणखी एका नावाची वाट बघत तसेच बसून राहिले.

शनिवारी तिला बोलावणं आलं. प्रशासकाच्या कचेरीत, सोमवारी सकाळी दहाला. मी बरोबर गेले. लांब व्हरांडा, भिंतीला लागून एक बाक, समोर बंद दार. दहापासून पाचपर्यंत आम्ही बाकावर बसलो. कुणी काही विचारलं नाही. पाचला शिपाई म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला फाटकाशी अडवलं, तिला एकटीला आत घेतलं. असे सहा दिवस. ती मला नंतर म्हणाली, मारलं असतं तरी समजलं असतं. पण त्या दाराची कडी दर थोड्या वेळाने आतून वाजायची आणि दार उघडायचं नाही. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता. एके दिवशी ती भीतीने बाकावरच ओली झाली आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली, उठलं तर दिसेल म्हणून. हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, आणि लिहायची परवानगीही तिनेच दिली. “ते लिही,” म्हणाली. “नाहीतर लोक वाघीण म्हणतात.”

सहाव्या दिवशी दार उघडलं. आत एक अधिकारी होता. त्याने एकच गोष्ट विचारली. हे तुला कुणी लिहून दिलं? ती म्हणाली, कुणी नाही. त्याला पटेना. त्याने कपाटातून एक अरबी ग्रंथ काढला, मधलंच पान उघडलं आणि वाच म्हणाला. तिने वाचलं. अर्थ सांग म्हणाला. तिने सांगितला. मग ती थांबली आणि म्हणाली, “इथे छापणाऱ्याने एक ओळ गाळली आहे.” भीतीने तिच्या तोंडून ते निघून गेलं, बावीस वर्षांची सवय. अधिकाऱ्याने ग्रंथ मिटला. मग त्याने हाताने जा अशी खूण केली.

ती सुटली, इतकंच. आमची पुढची खोली सील झाली. ग्रंथ आणि नोंदवह्या टेम्पोत भरून नेल्या, त्या परत आल्या नाहीत. आमच्या ह्यांची बदली लांबच्या पंपिंग स्टेशनवर झाली. शहरात कुजबूज झाली की मुफ्तीच्या मुलीने अकरा महिने लोकांना फसवलं. ज्यांच्या उत्तरांवर शिक्का होता त्यांतले काही घरी येऊन बोलून गेले. तिने प्रत्येकाला सांगितलं, “अब्बांनी मान हलवल्याशिवाय एकही शिक्का मारला नाही. तरी शंका असेल तर दुसरीकडे विचारा.” एकाने दारात थुंकलं. ते मी पुसलं.

बाइंडरच्या बायकोकडे ती स्वतः गेली. काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या दोघी दार लावून बसल्या होत्या आणि मी बाहेर पायरीवर होते. आतून रडण्याचा आवाज आला तो कुणा एकीचा नव्हता.

अब्बा पुढच्या वसंतात गेले, घरातच, आपल्या खाटेवर. काय घडलं ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. शेवटच्या दिवसांत ते विचारायचे, “दिलंस का लिहून?” ती म्हणायची, “दिलं, अब्बा.” ते म्हणायचे, “शाब्बास.”

तीन वर्षांनी प्रशासकही गेला. चौकाची पाटी उतरली, दुसरी लागली. आम्ही तोवर ते शहर सोडलं होतं. नणंद आता सत्तरीला आली आहे, आमच्याबरोबरच राहते. शेजारच्या बायका स्वयंपाकघराच्या दाराने येऊन तिला काहीबाही विचारतात. ती आधी म्हणते, मला अधिकार नाही, मग सांगते.

मागच्या महिन्यात एक कॉलेजची मुलगी आली. त्या प्रशासकाच्या काळावर ती काहीतरी लिहीत होती. छोटासा रेकॉर्डर मेजावर ठेवून म्हणाली, “आजी, तुम्ही त्या माणसाला जवळून अनुभवलंय. तुमच्या मते तो कसा होता? चांगला की वाईट?”

नणंदेने त्या यंत्राकडे बघितलं. तिच्या गालावरचा रंग उतरताना मला दिसला. “रस्ते चांगले केले त्याने,” ती म्हणाली. मग म्हणाली, “दोन माणसं परत आली नाहीत. त्यांची नावं मी सांगते, ती लिहून घे.” दोन्ही नावं तिने सावकाश सांगितली, एकेक अक्षर सुटं करून. पुढे एक शब्द बोलली नाही. मुलगी वाट बघून उठली.

दार लागल्यावर नणंद म्हणाली, “वहिनी, जरा खिडकीतून बघ. खरंच कॉलेजची होती का?”

मी पडदा सारला. मुलगी थांब्यावर उभी होती, पाठीवरची पिशवी पोटाशी घेऊन.

“एकटीच आहे?”

“एकटीच.”

“गाडी नाही ना कुठली?”

“नाही गं. बस आली. चढली बघ.”

“बसली का आत?”

“बसली.”

तेव्हा कुठे तिने चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता. मी दुसरा करायला उठले.